एका कुरकुरीचा निळा

थोरलीचा आवाज उद्या जाणार होता, आणि आज घरातल्या प्रत्येकाला तिच्याशी बोलायचं होतं. जन्मभर जिला "हो हो, ऐकतोय" म्हणत सगळे पुढे निघून गेले, तिच्या खुर्चीभोवती सकाळपासून गर्दी होती. धाकटा दीर दोनदा येऊन नुसताच खाकरून गेला. पुतण्याने पाठीला उशी आणून दिली, मग ती काढून दुसरी दिली. लेक पहाटेच्या गाडीने आली होती आणि आल्यापासून आईचा हात धरून बसली होती. हात होता तसाच होता, कोपरापर्यंत निळा, कितीही घासला तरी न निघणारा. थोरली सगळ्यांना मानेनेच उत्तरं देत होती, कारण घशातल्या गाठीला सूज आली होती आणि ऑपरेशनपर्यंत बोलू नका, आवाज जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"जो उद्या काढूनच टाकणार, तो आज कोणासाठी जपू?" असं तिने डॉक्टरांना विचारलं होतं. पण विचारलं भट्टीच्या बोलीत. डॉक्टरांना वाटलं, बाई गोळ्यांबद्दल विचारताहेत. "जेवणानंतर," ते म्हणाले.

भट्टीची बोली म्हणजे काय, हे आता दाखवायला कोणी उरलेलं नाही, म्हणून सांगायला हवं. कालव्याच्या काठाने एके काळी रंगाऱ्यांच्या शेडच शेड होत्या. कढयांची वाफ, कापड आपटल्याचे आवाज, त्यात एकमेकींशी बोलायचं तर शब्द लांबवावे लागत, त्यांचे शेवट गिळावे लागत, आणि काय सांगायचं ते पाण्याच्या नि कापडाच्या नावाने सांगितलं की लवकर पोहोचे. न रंगवलेलं कापड उपाशी. रंग पिऊन झालेलं कापड जेवलेलं. निळीचा हौद बिघडला तर पाणी माहेरी गेलं, सुधारला तर जागं झालं. हळूहळू हे बोलणं शेडमधून घरात आलं. एखादा चिडला की त्याला म्हणायचे, "जा, वारा पिऊन ये," कारण हौदातून हिरवट निघालेलं कापड वाऱ्यावर धरलं की गुपचूप निळं होतं. पोरकट माणसाला म्हणायचे, "अजून एकदाच बुडालाय." मग शेड बंद पडत गेल्या, घरं पांगली, मुलं शाळेत गेली आणि घरी येऊन आयांचं बोलणं दुरुस्त करू लागली. शेजारची रंगारीण गेली तेव्हापासून ही बोली एकट्या थोरलीच्या तोंडी राहिली. कागदावर उतरवताना तिचे हेल गळून पडतात. वाचणाऱ्याने वाफ आपली आपण घालून घ्यावी.

दुपारची जेवणं झाल्यावर भाऊंनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. भाऊ म्हणजे तोच दोनदा खाकरून गेलेला दीर. थोरला भाऊ वारल्यापासून धंद्याचं सगळं तेच बघत. काचेची खोली म्हणजे शेडच्या कोपऱ्यातलं ऑफिस. तीन बाजूंना भिंत आणि शेडच्या बाजूला काच. त्या काचेवर वाफेचे जुने ओघळ सुकून राहिले होते, त्यामुळे पलीकडचं सगळं झोपेत पाहिल्यासारखं दिसे. भाऊंची बायको, म्हणजे घरातली धाकटी सून, लग्न झाल्यापासून या खोलीत बसत आली होती. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, माल कधी मिळेल ते सांगायचं, आणि काचेपलीकडे थोरली हौदावर वाकलेली बघायची. आत्ताही ती आपल्या नेहमीच्या खुर्चीवर होती.

"विषय काढायला बरं वाटत नाही," भाऊ म्हणाले. "पण आज काढला नाही तर उद्या आणखी जड जाईल. अंगणात पंप आणून ठेवलाय. वहिनी हॉस्पिटलात आहेत तोवर हौद उपसून घेऊ म्हणतो. त्यांच्या डोळ्यांदेखत नको."

"मी इथेच बसलेय, भाऊजी," थोरली म्हणाली. आवाज घोगरा होता, पण बोली साधी, घरातली.

"हो, म्हणजे तुमच्या पाठीमागे नको, म्हणून तर आत्ता सांगतोय." भाऊ गडबडले. डोळ्यांदेखत नको आणि पाठीमागेही नको, तर माणसाने हौद उपसावा तरी कुठे उभं राहून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "शीतगृहवाले शेड मागताहेत. आणि तुमच्यामागे, म्हणजे ऑपरेशननंतर, त्या पाण्याशी बोलणार कोण?"

"बाबा, उपसायचं काय त्यात," पुतण्या म्हणाला. "इतक्या पिढ्यांचं पाणी आहे ते. मोठीआईची कुरकुर मोबाइलवर घेऊन ठेवू. रोज लावायची आणि कापड बुडवायचं. मग हात कोणाचेही चालतील."

कुरकुर हे या घरचं माप. कापड पाण्याखाली किती वेळ धरायचं, हे इथे घड्याळावर कधी ठरलं नाही. वाफेत घड्याळं टिकत नसत, आणि टिकली असती तरी बायकांच्या हाती ती कोणी दिली नसती. त्यांनी आपलं माप आपण काढलं. कापड बुडवून धरायचं आणि सासरच्या नावाने कुरकुर करायची. अर्धी झाली की फिका निळा, पुरी झाली की गडद. नवी सून आली की तिला हौदापाशी आणून आधीच्या सगळ्या सुनांच्या ओळी पाठ करून घ्यायच्या, आणि मग शेवटी, सुचेल तेव्हा, तिने आपली स्वतःची ओळ जोडायची. त्यामुळे दर पिढीला कुरकुर लांबत गेली आणि या घरचा निळा गडद होत गेला. गिऱ्हाइकं म्हणत, काय हात आहे. हात कसला, सासुरवास होता.

"मोबाइल पाण्याकडे बघतो का?" थोरलीने पुतण्याला विचारलं. तिला त्याचा राग आला नव्हता, तो तिचा लाडका होता. "पाणी आळसावलं असलं की मी हळू बोलते. भुकेलं असलं की आटपतं घेते. तुझा मोबाइल आपला एका चालीत म्हणत बसेल."

"मग रोजची वेगवेगळी घेऊ," तो म्हणाला, आणि रोज म्हणजे आता फक्त आज, हे लक्षात येऊन मोबाइल हातात फिरवू लागला.

"काका म्हणतात तेच बरं आहे, आई," लेक म्हणाली. ती बोलू लागली की घरचे नकळत नीट बसत. ती रेडिओवर बातम्या वाचायची. तिच्या तोंडून साधं "मीठ दे" आलं तरी सगळ्यांना वाटे, आता पुढे सविस्तर येणार. "ती वाफ, तो चुना, तो वास. आयुष्यभर तिथे उभी राहिलीस. त्यानंच तर तुझा घसा हा असा झाला. आता पुरे कर ना."

"उपसा," धाकटी म्हणाली. ती काचेकडे बघत होती. "ज्याच्याशी बोलायला कोणी नाही, ते पाणी ठेवून करायचं काय?"

वास्तविक दोघी एकच सांगत होत्या. पण आपण म्हटलं ते वेगळं आणि काकूने म्हटलं ते वेगळं, असं लेकीला वाटलं आणि ती ताठ झाली. मघाशी काकांच्या बाजूला असलेली लेक एका वाक्यात हौदाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"काकू, तुम्ही तर कधी त्या पाण्याला शिवलाही नाहीत."

"नाही शिवले," धाकटी म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे."

माहीत होतंच. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिलाही रीतीप्रमाणे हौदापाशी आणलं होतं. सासूबाई दंडापर्यंत हात पाण्यात घालून, डोळे मिटून, अगदी गंभीरपणे नवऱ्याच्या नावाने कुरकुर करत होत्या, आणि तो नवरा शेजारी उभा राहून त्यांना पुढचं कापड देत होता. नव्या सुनेला हसू फुटलं. भीतीने फुटलं असेल, पण फुटलं. सासूबाईंनी कापड बाहेर काढलं, हौदावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "हसणारीला पाणी शिवू देऊ नये." धाकटीची रवानगी काचेच्या खोलीत झाली. पुढे सासूबाई गेल्या, मनाई मात्र राहिली. ती कोणी पुन्हा घातली नाही आणि कोणी उठवलीही नाही. थोरलीला वाटायचं, शिकली-सवरलेली आहे, हवं असतं तर आली असती. धाकटीचं म्हणणं, मोठी ती आहे, हाक तिने मारावी. एरवी दोघींचं भांडण असं काही नव्हतं. आजारपणं काढली, बाळंतपणं केली, एकमेकींच्या ताटात वाढलं. सगळं साध्या बोलीत, अहो-जाहो करत. भट्टीच्या बोलीत त्यांच्यात एक शब्द झाला नव्हता.

"हौदाचं काय ते तुम्ही बघा," थोरली उठत म्हणाली. "पंप लावा, नाहीतर मासे पाळा. मला तेवढी एक पुरी कुरकुर करू द्या. मग गप्पच बसायचंय."

"आई, डॉक्टरांनी..." लेक म्हणाली.

"डॉक्टर जेवणानंतर म्हणालेत. माझं जेवण झालंय."

शेडमध्ये दुपारचं ऊन छपरातल्या काचांमधून तिरकं उतरलं होतं. आज कढया थंड होत्या, पण भिंतींनी इतक्या वर्षांत प्यायलेली वाफ त्या अजून थोडी थोडी सोडत असाव्यात, कारण उन्हाचे पट्टे हलत होते. थोरली त्या पट्ट्यांतून चालत गेली. प्रत्येक पट्ट्यात ती क्षणभर लख्ख दिसे आणि मग पुन्हा निळसर होई.

खरं सांगायचं तर तिला हौद वाचवायचा नव्हता. माणसं जातात तिथे पाण्याचं काय घेऊन बसायचं, असं तिचं सरळ मत होतं. हॉस्पिटलची भीतीही तिने गेल्या आठवड्यात वाटून संपवली होती. तिला हवं होतं ते एवढंच की, आवाज जायच्या आधी कोणीतरी तिला तिच्या बोलीत एकदा उलट उत्तर द्यावं. शेजारची रंगारीण होती तोवर कालव्याच्या या काठावरून त्या काठावर कसं वाजायचं. ती गेली आणि थोरली पाण्याशी बोलत राहिली. पाणी ऐकून घेतं, चांगलं ऐकून घेतं, पण ते कधी "तू गप बस" म्हणत नाही. नुसतं ऐकून घेणाऱ्यापुढे बोलत राहिलं की काही दिवसांनी आपणच आपल्याला खोटे वाटू लागतो. थोरलीला अलीकडे तसं वाटत होतं. आपण बोलतो ती बोली खरीच कधी होती की आपल्याच डोक्यातली आहे, असा प्रश्न तिला कापड पिळताना पडे आणि हात थांबत.

लेक लहानपणी उत्तरं द्यायची. चुरूचुरू बोलायची, मोठ्यांना हरवायची. मग एक दिवस शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "आई, माणसांसारखं बोल ना." त्या दिवसापासून थोरलीने लेकीशी बोलताना तोंड इस्त्री केल्यासारखं नीट ठेवलं. लेकीचं नाव झालं, तिच्या आवाजावर लोक घड्याळं लावू लागले. थोरलीला अभिमान होता, आणि रेडिओ लावला की ती शेजारी खुर्ची ओढून बसे. पण ज्या आवाजाला आपण अंगाई म्हटली त्याच्याशी आपल्याला जपून बोलावं लागतं, याचं दुःख तिला फार होतं.

लेकीलाही ते कळत होतं. फोनवर आई "बरं आहे, काळजी नसावी" असं म्हणायची, वीज कंपनीच्या माणसाशी बोलल्यासारखं. लेकीला कितीदा वाटलं, सांगावं, आई, तसं बोल ना, पूर्वीसारखं. पण आई तसं बोलली आणि आपल्याला उत्तर देता आलं नाही तर? त्या भीतीने तिने कधी म्हटलं नाही. आज ती आईच्या मागे उभी होती आणि मनातल्या मनात जुन्या ओळी जुळवत होती. त्या तिला आठवत होत्या, पण पाण्याखालून पाहिल्यासारख्या, कडा हलणाऱ्या.

थोरलीने झाकण सरकवलं. हौदावर तांब्याच्या रंगाची साय धरली होती आणि मधोमध निळा फेस फुलला होता. तिने तो हाताने हलकेच बाजूला केला. खालचं पाणी पिवळट हिरवं, झोपाळू. तिने एक उपाशी कापड उचललं, आवाज न करता पाण्याखाली नेलं आणि डोळे मिटले.

"दिलं मला पाण्याच्या घरी," तिने सुरुवात केली, "हात भिजले, मन कोरडं." ही सगळ्यात पहिल्या सुनेची ओळ. ती कोण, कुठली, कोणाला माहीत नव्हतं. "सासू माझी मातीचा माठ, बाहेर पाझरे, आत गार." ही दुसरीची. "दीर मोजी, नणंद मोजी, कापड मोजून झालं, माझे उसासे कोणी मोजी ना." ही तिसरीची. शब्द लांबत होते, शेवट पाण्यात विरघळत होते, आणि ऐकणाऱ्यांना नेहमीप्रमाणे अर्थ कळत नव्हता, नुसती चाल कळत होती. भाऊंना पेंग येऊ लागली. याच चालीवर ते लहानपणी कापडाच्या ढिगावर झोपायचे. पुतण्याच्या हातातला मोबाइल खाली आला. मेलेल्या बायका एकीमागून एक हौदाच्या कडेला येऊन बसताहेत, पदर सारखे करताहेत, असं वाटावं इतकी शेड भरून गेली होती.

चौथ्या ओळीशी थोरलीचा आवाज तुटला. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं, नुसती हवा आली.

"काढा, वहिनी, काढा कापड," भाऊ म्हणाले.

थोरलीने मान हलवली. अर्ध्या ओळीवर कापड काढायचं नसतं, तिथे डाग राहतो. तिने वळून लेकीकडे पाहिलं. काही मागितलं नाही, फक्त पाहिलं.

लेक पुढे झाली. चौथी ओळ आजीची, सासूबाईंची. ती तिला येत होती. "धनी माझा वाफेचा," ती म्हणाली, "तोंड आहे, बोल नाही. निजता पाठ, उठता पाठ, पाठीशीच संसार केला."

प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ. त्या शेडमध्ये ही ओळ इतकी स्पष्ट कधीच कोणी म्हटली नव्हती, आणि सगळ्यांना ती पहिल्यांदाच समजली. भाऊंची पेंग उडाली. हे आपल्या वडिलांबद्दल आहे, आणि आई ते त्यांच्या शेजारी उभी राहून रोज म्हणत होती, आणि आपण त्यावर झोपत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले, बराच वेळ.

थोरली लेकीकडे बघून हसली. छान हसली, पण घरी आलेल्या पाहुण्याकडे बघून हसतात तसं. लेकीला ते समजलं. ओळ बरोबर होती, बोली आली नव्हती. रेडिओच्या खोलीत वाफ नसते. तिने पुढे म्हणायला तोंड उघडलं आणि थांबली, कारण पुढची पाचवी ओळ आईची स्वतःची होती. आई त्यात काय म्हणते, कोणाची कुरकुर करते, हे तिला माहीतच नव्हतं. ती ओळ ऐकण्याच्या वयात लेक घर सोडून गेली होती.

"मला पुढचं येत नाही, आई," ती म्हणाली. "तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही."

कापड पाण्याखाली होतं. थोरलीचे ओठ हलत होते.

"जाऊ माझी काचेपल्याड," मागून आवाज आला.

सगळे वळले. धाकटी काचेच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने चौकट धरली होती.

"जाऊ माझी काचेपल्याड. दिसे, हसे, येईना. पाण्यानं किती ऐकावं, पाण्याला जाऊ नाही."

शब्द लांबले, जिथे गिळायचे तिथे गिळले गेले. हेल थोरलीचा होता, त्याहून मागे सासूबाईंचा, त्याहून मागे कोणाकोणाचा. डोळे मिटून ऐकलं असतं तर कालव्यावरच्या सगळ्या शेड अजून चालू आहेत असं वाटलं असतं. थोरलीचे हात पाण्यात थिजले. तिने जावेकडे असं पाहिलं, जणू मेलेली शेजारीण दारात येऊन उभी राहिली आहे.

"तुला येतं?" तिने विचारलं. आवाजाचा एक धागा कुठून तरी परत आला होता. भट्टीच्या बोलीत अहो-जाहो नसतं, वाफेत तेवढा वेळ नसे.

"सगळं येतं," धाकटी त्याच बोलीत म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. काचेला वर फट आहे. तुझं सगळं आत येतं."

"म्हणजे इतकी वर्षं मी पाण्याशी बोलले ते?"

"माझ्याशी बोललीस. मी ऐकत होते."

थोरलीचा चेहरा लाल झाला. घरच्यांना वाटलं, आता ती रडणार. तिला राग आला होता, असा राग की त्याने घशाची गाठसुद्धा मागे सरली.

"एक शब्द उलट बोलली असतीस तर काय जीभ निळी झाली असती तुझी? मी इथे दगडाशी बोलल्यासारखी बोलते, वेड लागलं म्हणून स्वतःला चिमटे काढते, आणि ही बया खुर्चीत बसून ऐकते!"

"आणि तू एक हाक मारली असतीस तर काय तुझं पाणी माहेरी गेलं असतं? एकदा हसले मी. एकदा. पोरगी होते, एकदाच बुडालेली. म्हातारीने झाकण घातलं ते घातलं, तू कशाला त्यावर बसून राहिलीस?"

"मी बसले? मी बसले म्हणतेस?"

"मग कोण बसलं?"

"काय म्हणताहेत?" पुतण्याने हळूच विचारलं.

"भांडताहेत," लेक म्हणाली. तिला अर्धं समजत होतं.

"थांबवू का?"

"नको," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला थोडा मत्सरही वाटत होता. आईशी असं भांडायला आपण यायला हवं होतं, असं तिला वाटलं.

धाकटी चौकट सोडून पुढे आली. तिने बाह्या वर केल्या. तिचे हात गोरे होते, बोटांवर पेनाची शाई सोडली तर कसलाच रंग नव्हता. हौदाच्या कडेला गुडघे टेकून तिने ते पाण्यात घातले, आणि पाण्याखाली तिला कापड सापडलं की थोरलीची बोटं, ते वरून दिसत नव्हतं. मग खालच्या मानेने, जरा अडखळत, तिने स्वतःची ओळ म्हटली. ती बहुधा तिने फार आधी जुळवून ठेवली असावी.

"काचेला माझ्या कान होते, काचेला माझ्या दार होतं. कोणी हाक मारी ना, मी उठू कशी."

मग दोघींनी मिळून कापड उचललं. ते हिरवं निघालं आणि त्यांच्या चार हातांमध्ये निथळत, उन्हाच्या पट्ट्यात, कडेकडेने निळं होऊ लागलं. भाऊ अंगणात गेले आणि पंपाचा पाइप गुंडाळू लागले. त्यांना तो नीट गुंडाळता येत नव्हता. पुतण्या मदतीला गेला.

"ऐक," थोरली कापड वाऱ्यावर धरत म्हणाली. घोगरेपणा पुन्हा चढत होता. "उद्यापासून तू बोलायचंस आणि मी ऐकायचं. तेव्हा काय म्हणायचं ते म्हणून घे, मला उलट बोलता येणार नाही. पण आज माझी पाळी."

"मी काय आज गप्प बसणार आहे?" धाकटी म्हणाली.

लेकीने डॉक्टरांची आठवण करून दिली नाही. तिने दोन पालथ्या बादल्या ओढून हौदाच्या कडेला ठेवल्या, आणि स्वतः जरा दूर, भिंतीला टेकून बसली. संध्याकाळपर्यंत थोरलीने उरलेला सगळा आवाज जावेवर खर्च केला, आणि धाकटीने तिचा एकही बोल उत्तराशिवाय खाली पडू दिला नाही.